एकवीस अंश

ताम्पेरेच्या त्या वृद्धाश्रमात
बावीस खोल्यांत मी बावीस बटणं बसवली.
फिरवायची, गोल, पांढरी,
कडेला निळ्यापासून लालपर्यंत रेघ.
अकरांच्या मागे तार होती.
अकरांच्या मागे नुसती भिंत.

कुणाच्या वाट्याला काय, ते नाणं उडवून ठरलं.
(उडवलं संगणकानं. पण आमच्या बाईंना
नाणंच म्हणायला आवडायचं.)

दर मंगळवारी मी पाटीला कागद लावून विचारायचो :
गेल्या आठवड्यात तुमच्या आयुष्यातल्या गोष्टी
कितपत तुमच्या हातात होत्या असं वाटलं?
एक म्हणजे मुळीच नाही.
सात म्हणजे पूर्णपणे.

रेइनो हाल्टुनेन, एकेकाळी तळ्यावरच्या बोटीचे कप्तान, हसले.
"जेवण साडेअकराला, अंघोळ गुरुवारी,
गोळी निळी. तूच सांग, किती लिहू?"
तीन लिहिले.
बटण बसल्यावर सहा.
"एकोणीसवर ठेवतो रात्री. काय झोप लागते!"
त्यांच्या बटणामागे भिंत होती.
झोप मात्र खरी. नर्सच्या वहीत तिची नोंद आहे.

हेल्वी राउतिओंच्या बटणाला तार होती.
त्यांनी सहा आठवड्यांत त्याला बोट लावलं नाही.
मोडलं तर भरून द्यावं लागेल, म्हणाल्या.
दोन.

आलेख चढत गेला.
बाई खूश : बघ, तार नव्हे, वाटणं महत्त्वाचं.
मी मान डोलावली.
माझा करार तीन महिन्यांचा, चौथ्यांदा वाढवलेला,
मान डोलवायला तेवढा पुरतो.

सतरा नंबरात आउने काल्लिओनिएमी.
एकतीस वर्षं सूतगिरणीत, मागावर.
दर मंगळवारी सात.
पाटीकडे न बघता, मोजे विणता विणता, सात.

शेवटच्या मंगळवारी तळं अजून गोठलेलंच होतं.
त्यांनी दार लोटायला सांगितलं,
लोणी लावायची सुरी घेतली
आणि बटण भिंतीतून अलगद काढून
माझ्या तळहातावर ठेवलं,
उकडलेलं अंडं ठेवावं तसं.

"दुसऱ्याच दिवशी उघडलं होतं.
अरे, धोटा अडला की कापडावर दिसायच्या आधी
हाताला कळतं.
हे तर पहिल्याच फेऱ्यात मेलेलं."

मग सात का?

सुया थांबल्या नाहीत.
"तू बटणाचं कुठे विचारलंस?
मी बोलले नाही कुणाला. रेइनोला तर नाहीच,
झोपतोय बिचारा.
तुझ्या बाईंचा अख्खा अभ्यास
सहा आठवडे माझ्या या सुरीच्या टोकावर होता.
एकतीस वर्षांत फोरमननं मला
खिडकी उघडू दिली नव्हती."

टाका मोजला. एक उसवला.
"जाता जाता खाली सांग,
एक अंश वाढवा म्हणावं. गुडघे धरतात."

नियम साधा आहे :
ज्याला कळलं, त्याची ओळ वगळायची.
सतरा नंबरची ओळ मी अजून
ठेवलेलीही नाही, वगळलेलीही नाही.

तळघरात बॉयलर घुमत होता.
त्याच्या पडद्यावर एकवीस,
सगळ्यांना एकवीस, तारवाल्यांना थोडं इकडेतिकडे,
आणि खाली चिकटवलेली चिठ्ठी :
बदलासाठी हेलसिंकीच्या कार्यालयाला फोन करावा.

केला.
एका हातात फोन, दुसऱ्या हातात ते बटण,
खिशात टाकायचं राहूनच गेलेलं.
अंगठा आपोआप ते फिरवत होता,
निळ्याकडून लालकडे, पुन्हा निळ्याकडे.
पलीकडून रेकॉर्ड केलेली बाई गोड आवाजात म्हणाली,
आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,
पुढे जाण्यासाठी एक दाबा.

मी एक दाबलं.